संगमावरचें केअरो

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक संस्थानाचे लहान लहान विभाग पाडलेले असून त्या विभागास कौंटी असें म्हणतात. सबंध देशांत अशा कौंट्या तीन हजारांहून अधिक आहेत. प्रत्येक कौंटीचें एक मुख्य ठिकाण असतें. तेथें न्यायकचेरी, जमिनीचें दप्तर, तुरुंग आणि कर भरण्याची कचेरी असते. न्यूयॉर्क किंवा शिकागो येथील गगनचुंबी इमारतींचीं वर्णनें वाचून त्या देशाची जी कल्पना मनांत तयार होते, तींत या लहान गांवांना स्थान नसतें. तथापि एखाद्या राष्ट्राचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर अशा गांवाची हकीकत फार उपयोगी पडते. कारण राजधानींत जे कायदे होतात, त्यांचें पुढें काय होतें हें अशा गांवींच कळतें.

इलिनॉय संस्थानाच्या अगदीं दक्षिण टोकास वसलेलें केअरो हें असेंच एक नदीकाठचें गांव आहे. तें अलेक्झांडर कौंटीचें मुख्य ठिकाण. १९२० सालच्या खानेसुमारींत येथें १५,२०३ लोक होते. २०२० सालच्या खानेसुमारींत ते अवघे १,७३३ भरले. म्हणजे शंभर वर्षांत दर नऊ माणसांपैकीं जवळजवळ आठ माणसें कमी झालीं. या काळांत गांवावर शत्रूची स्वारी झाली नाहीं, भूकंपानें तें जमीनदोस्त झालें नाहीं, आणि ज्या नद्यांच्या पुराची त्यास अहोरात्र भीति, त्या नद्यांनींहि त्यास बुडविलें नाहीं. मग तें ओसाड कां पडलें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

नकाशावर केअरोची जागा पाहिली म्हणजे प्रथम निराळेंच आश्चर्य वाटतें. इतक्या मोक्याच्या जागीं एक महानगर कसें झालें नाहीं, असें मनांत येतें. उत्तरेकडून मिसिसिपी आणि पूर्वेकडून ओहायो अशा दोन महानद्या येथें एकत्र होतात. ओहायो ही ९८१ मैलांचा प्रवास करून येते आणि संगमाच्या ठिकाणीं तिचें पाणी सामान्यतः मिसिसिपीच्या पाण्याहूनहि अधिक असतें. दोन्ही प्रवाहांचे रंग निराळे असल्यामुळें संगमाच्या खालीं बरेच अंतर ते शेजारीं शेजारीं वाहतांना स्पष्ट दिसतात. एका नदीपलीकडे केंटकी संस्थान, दुसरीपलीकडे मिसूरी, आणि मधल्या चिंचोळ्या जिभेवर केअरो. लोहमार्ग नव्हते त्या काळीं नदी हाच राजमार्ग होता. पिट्सबर्ग व सिनसिनाटी येथून निघालेला माल, सेंट लुईसकडून येणारा माल आणि न्यू ऑर्लीन्सकडून वर येणाऱ्या आगबोटी या सर्वांची वाट या एका टोंकावरून जात असे.

सुपीक सखल जमीन आणि महानदी यांमुळें या भागास लोक 'ईजिप्त' म्हणूं लागले. आसपासच्या गांवांचीं नांवेंहि थीब्ज, कार्नाक अशीं आहेत. नाईल नदीवरील कैरोचेंच नांव या गांवास दिलें गेलें. मात्र तेथील रहिवासी त्याचा उच्चार 'केअरो' असा करतात.

परंतु जागा चांगली असणें निराळें आणि ती वसणें निराळें. १८१८ सालीं जॉन कॉमेजिस नांवाच्या व्यापाऱ्यानें व त्याच्या सोबत्यांनीं शहर वसविण्याची आणि त्याच्याच नांवाची एक पेढी काढण्याची सनद मिळविली. थोड्याच वर्षांत कॉमेजिस वारला आणि ती योजना कागदावरच राहिली. १८३७ सालीं डॅरियस होलब्रुक यानें नवी कंपनी उभारली. लंडनमधील एका पेढीमार्फत तिचे रोखे विकले गेले, नदीकाठीं बांध घालण्यास प्रारंभ झाला, कारखाने व घरें उठलीं. १८४० सालीं ती लंडनची पेढी बुडाली आणि तिच्या पाठोपाठ केअरोहि बसलें. कामगार पांगले, आणि चिखलांत अर्धवट उभीं असलेलीं घरें तेवढीं मागें राहिलीं. १८४२ सालीं सुप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स हे आगबोटींतून जातां जातां येथें आले. त्यांनीं आपल्या प्रवासवर्णनांत या दलदलीचें इतकें भयाण चित्र काढलें आहे कीं, गांवाची अपकीर्ति सातासमुद्रांपलीकडे गेली. त्यांच्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरींतील 'ईडन' नांवाची फसवी वसाहत केअरोवरूनच सुचलेली आहे असें मानतात.

गांवास खरा जीव आला तो आगगाडीमुळें. इलिनॉय सेंट्रल कंपनीचा सुमारें ७०० मैलांचा लोहमार्ग १८५६ सालीं पुरा झाला आणि त्याचें दक्षिणेकडील टोंक केअरोस आलें. उत्तरेकडील धान्य व माणसें गाडीनें येथवर यावींत आणि पुढें आगबोटीनें दक्षिणेस जावींत, असा क्रम सुरू झाला. १८५० सालीं जेथें २४२ माणसें होतीं, तेथें १८६० सालीं २,१८८ झालीं. त्याच सुमारास कौंटीची कचेरी थीब्ज येथून केअरोस आणण्यांत आली. थीब्जची टेकडीवरची जुनी दगडी न्यायकचेरी मागें राहिली, आणि केअरो हें जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें.

लगेच १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्धाचा वणवा पेटला. आतां केअरोचें महत्त्व एकाएकीं शतपट वाढलें; कारण गुलामगिरीची बंदी असलेल्या इलिनॉय संस्थानाचें हें दक्षिणेकडील टोंक होतें. उत्तरेच्या पक्षानें तेथें सैन्याचा तळ दिला आणि अगदीं संगमावर 'डिफायन्स' नांवाचा किल्ला उभारला. त्या सालच्या सप्टेंबरांत युलिसिस ग्रँट नांवाचा एक अप्रसिद्ध सेनाधिकारी येथें येऊन दाखल झाला. युद्धापूर्वीं तो गलीना गांवीं आपल्या बापाच्या चामड्याच्या दुकानांत काम करीत होता. केअरोस आल्यावर दोनच दिवसांत त्यानें ओहायोवरील पॅड्यूका हें ठाणें न लढतां घेतलें, आणि १८६२ च्या फेब्रुवारींत हेन्री व डोनेल्सन हे दोन किल्ले सर केले. उत्तरेस मिळालेले हे पहिलेच मोठे विजय. पुढें जो अमेरिकेचा अध्यक्ष झाला, त्याच्या भाग्योदयाचा आरंभ अशा रीतीनें या चिखलमय गांवीं झाला.

शेजारच्या माउंड सिटी येथें लोखंडी पत्र्यांनीं मढविलेल्या युद्धनौका बांधल्या गेल्या. त्यांपैकीं एकीचें नांवच 'केअरो' होतें. १८६२ च्या डिसेंबरांत याझू नदींत विजेनें उडविलेल्या सुरुंगानें ती थोड्या मिनिटांत बुडाली. सुमारें शंभर वर्षें ती गाळांत रुतून होती; १९६४ सालीं तिचे अवशेष वर काढण्यांत आले आणि पुढें व्हिक्सबर्ग येथें ते लोकांस पाहण्यासाठीं ठेवले गेले.

या युद्धानें केअरोस सैन्याखेरीज आणखी कांहीं दिलें. दक्षिणेंतील मळ्यांतून निसटलेलीं गुलाम माणसें नदीमार्गानें हजारोंनीं येथें येऊं लागलीं आणि त्यांची एक मोठी छावणीच येथें वसली. त्यांच्या दृष्टीनें केअरो म्हणजे स्वातंत्र्याचें महाद्वार होतें. मार्क ट्वेन यांच्या 'हकलबरी फिन' या कादंबरींत जिम नांवाचा गुलाम तराफ्यावरून केअरोचीच वाट पाहत असतो. तेथून ओहायोनें वर गेलें कीं आपण मुक्त झालों, अशी त्याची आशा असते. पण धुक्यांत केअरो केव्हां मागें पडलें हें त्यास कळत नाहीं. कादंबरींतील हा प्रसंग पुढील इतिहासास विलक्षण लागू पडतो. कारण ज्या इलिनॉयांत गुलामगिरी नव्हती, त्याच इलिनॉयांत १८५३ सालीं कृष्णवर्णीयांनीं येऊन वस्ती करूं नये असा कायदा झाला होता आणि तो १८६५ पर्यंत रद्द झाला नाहीं. बेडी तुटली होती. शेजार मात्र मिळाला नव्हता.

युद्धानंतर गांवाचा उत्कर्षकाळ आला. १८७२ सालीं जकातीची भव्य दगडी इमारत पुरी झाली, १८८४ सालीं सुंदर वाचनालय उघडलें, श्रीमंत गिरणीवाल्यांनीं वाडे बांधले, रस्त्यांवर मॅग्नोलियाचीं झाडें लाविलीं. १९०० सालीं लोकसंख्या १२,५६६ झाली होती व तींत एकतृतीयांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. बंदरावर ओझीं वाहणारे, लांकडाच्या वखारींत राबणारे, आगगाडीवर काम करणारे असे ते लोक होते. त्यांचीं देवळें, शाळा व संस्थाहि उभ्या राहिल्या होत्या.

परंतु याच काळांत त्या वैभवाचा एक आधार हळूहळू सुटत होता. १८८९ सालीं ओहायोवर आगगाडीचा प्रचंड पूल झाला. पूर्वीं डबे नावेंत घालून पलीकडे न्यावे लागत, त्यामुळें गाडी केअरोस थांबे, माल उतरे, माणसें मुक्काम करीत. पूल झाल्यावर गाड्या सरळ निघून जाऊं लागल्या. १९०५ सालीं थीब्ज येथें मिसिसिपीवर दुसरा पूल झाला आणि वाहतुकीचा कांहीं भाग तिकडे वळला. पुढें मोटारी आल्या; त्यांच्यासाठींहि दोन्ही नद्यांवर पूल झाले. वाटसरूस थांबविणें हाच ज्या गांवाचा धंदा, त्यास पुलासारखा वैरी नाहीं.

तरीहि पुलांवर सगळा दोष टाकतां येत नाहीं. पुलांनंतरहि तीस वर्षें गांव वाढतच होतें. दुसरी कीड निराळी होती आणि ती आंतून लागलेली होती.

१९०९ सालच्या नोव्हेंबरांत एका गोऱ्या तरुणीचा खून झाला. विल्यम जेम्स या कृष्णवर्णीय मजुरावर संशय घेण्यांत आला. न्यायकचेरी गांवांतच होती, न्यायाधीश होता, तुरुंग होता. परंतु चौकशी होण्यापूर्वींच हजारोंच्या जमावानें त्यास शेरीफाच्या हातून हिसकावून आणलें आणि भर बाजारांत, विजेच्या दिव्यांनीं उजळलेल्या कमानीखालीं ठार मारलें. त्याच रात्रीं त्या जमावानें तुरुंग फोडून एका गोऱ्या कैद्यासहि फांशी दिलें. झुंडीला एकदां रक्ताची चव लागली म्हणजे ती कातडीचा रंगहि पाहत नाहीं, याचें हें उदाहरण आहे.

इलिनॉय संस्थानांत १९०५ सालीं असा कायदा झाला होता कीं, शेरीफाच्या ताब्यांतील कैद्यास जमावानें मारलें तर त्या शेरीफाची जागा आपोआप रिकामी व्हावी. त्याप्रमाणें शेरीफ दूर झाला. पण आपणांस पुन्हां कामावर घ्यावें म्हणून त्यानें अर्ज केला. तेव्हां शिकागोहून आयडा वेल्स या बाई केअरोस आल्या. त्या स्वतः गुलामगिरींत जन्मलेल्या होत्या व अशा झुंडशाहीविरुद्ध लेखणी चालविण्यांत त्यांचें आयुष्य गेलें होतें. शेरीफानें कैद्याचें रक्षण करण्यासाठीं काय केलें आणि काय केलें नाहीं, याची माहिती त्यांनीं घरोघर फिरून मिळविली व राजधानींत गव्हर्नर डिनीन यांच्यापुढें ती मांडली. शेरीफाच्या बाजूनें कसलेले वकील होते. तरीहि निकाल बाईंच्या बाजूनें लागला आणि शेरीफास जागा परत मिळाली नाहीं. कायदा लिहिलेला असणें पुरेसें नसतें. तो वाचून दाखविणारें कोणी तरी उभें राहावें लागतें.

नद्यांशीं मात्र हें गांव मोठ्या हिमतीनें लढलें. चारी बाजूंनीं बांध, उत्तरेकडील रस्त्यावर पूर आल्यास खालीं सोडण्याचा लोखंडी दरवाजा, अशी त्याची रचना एखाद्या किल्ल्यासारखी आहे. १९३७ च्या आरंभीं ओहायोस महापूर आला. बांध ६० फुटांचा आणि पाणी ५९.५ फुटांवर! बायकामुलांना बाहेर पाठवून पुरुष मागें राहिले आणि त्यांनीं बांधावर लांकूड व माती यांचा तीन फुटांचा जादा तट चढविला. पलीकडे मिसूरीच्या तीरावर बर्ड्स पॉइंट येथील बांध सुरुंगानें फोडून पाण्यास शेतांत वाट देण्यांत आली. तशी सोय १९२७ च्या महापुरानंतर १९२८ च्या कायद्यानें करून ठेवलेली होती. ओहायोकांठचीं कितीतरी शहरें त्या वर्षीं बुडालीं; केअरो कोरडें राहिलें.

पाण्याविरुद्ध अशी एकजूट करणारें हें गांव शाळेच्या दारांत मात्र दुभंगलेलें होतें. संस्थानाच्या कायद्याप्रमाणें १८७४ पासूनच रंगावरून मुलांस शाळेंत मज्जाव करतां येत नव्हता. तरी केअरोंत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि तेथील शिक्षकांचे पगार कमी. १९४० नंतर हॅटी केंड्रिक या शिक्षिकेनें समान वेतनासाठीं दावा मांडला. तिच्या साहाय्यास थर्गुड मार्शल हे वकील आले; हेच पुढें १९६७ सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ति झाले. शिक्षकांस समान वेतन मिळालें. परंतु १९५२ सालीं कांहीं पालकांनीं आपलीं मुलें गोऱ्यांच्या शाळेंत घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हां एका कृष्णवर्णीय डॉक्टराच्या घरावर सुरुंग फेंकण्यांत आला. १९६२ सालीं गांवांतील पोहण्याच्या तलावापुढें तरुणांनीं सत्याग्रह केला. त्यांत अवघ्या बावीस वर्षांचे जॉन लुईस होते. तलावाबाहेर गुडघे टेकून प्रार्थना करतांना घेतलेलें त्यांचें छायाचित्र देशभर पसरलें. हा तलाव एका खासगी मंडळाचा असल्याचें दाखवून काळ्यांस आंत घेत नसत. सर्वांस प्रवेश देण्याची पाळी येणार असें दिसतांच १९६३ सालीं तो बंदच करण्यांत आला आणि पुढें बुजवून टाकण्यांत आला. काळीं मुलें पोहूं नयेत म्हणून गोऱ्या मुलांनींहि उन्हांत तळमळावें, हा हिशेब त्या गांवानें पसंत केला.

हाच हिशेब पुढें दुकानांच्या बाबतींत झाला. १९६७ सालीं रजेवर आलेला एकोणीस वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस ठाण्यांत गळफास लागून मेलेला आढळला. अधिकाऱ्यांनीं ती आत्महत्या ठरविली. त्याच्या समाजाचा त्यावर विश्वास बसला नाहीं. दंगल उसळली, लष्कर बोलवावें लागलें. गोऱ्यांनीं पांढऱ्या टोप्यांचें एक दल उभारलें, तें दोन वर्षांनीं मोडावें लागलें. १९६९ सालीं कृष्णवर्णीयांनीं 'युनायटेड फ्रंट' या संघटनेच्या द्वारें गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. जे आमच्याकडून पैसे घेतात त्यांनीं आम्हांस नोकरीहि द्यावी, हें त्यांचें मुख्य मागणें होतें. गांवांत पांच माणसांपैकीं जवळजवळ दोन माणसें त्यांचीं असल्यामुळें हें गिऱ्हाईक गमावणें कोणत्याहि व्यापाऱ्यास परवडण्यासारखें नव्हतें. तरी बहुतेकांनीं नमतें घेण्यापेक्षां फळ्या लावणें पत्करलें. रात्रीं गोळीबार होत असे. घरें व गोदामें पेट घेत असत. १९७२ च्या मार्चांत मध्यवर्ती सरकारच्या नागरिक हक्क मंडळानें तीन दिवस येथें साक्षी घेतल्या, आणि पुढल्या वर्षीं जो अहवाल काढला त्याच्या नांवांतच केअरोस वर्णविभागणीचें प्रतीक म्हटलें. १९६० सालीं ९,३४८ असलेली वस्ती १९७० सालीं ६,२७७ वर आली होती. १९८० सालीं न्यायालयामार्फत झालेल्या तडजोडीनें वॉर्डवार निवडणुका सुरू होऊन कृष्णवर्णीयांस नगरकारभारांत जागा मिळाली. पण तोंवर वांटून घेण्याजोगें फारसें शिल्लक नव्हतें. १९७८ सालीं नवा राष्ट्रीय मोटाररस्ताहि गांवाच्या उत्तरेकडूनच मिसिसिपी ओलांडून निघून गेला होता.

येथें शेजारच्या दोन नदीकाठच्या शहरांशीं तुलना करून पाहणें योग्य होईल. ओहायोवरील पॅड्यूका आणि मिसिसिपीवरील केप जिरार्डो यांचाहि आगबोटींचा व्यापार गेला, त्यांच्यावरूनहि पूल झाले. तरी २०२० सालीं पॅड्यूकाची वस्ती सुमारें २७,००० व केप जिरार्डोची सुमारें ३९,५०० होती. एकास १९५० नंतर अणुशक्तीचा कारखाना मिळाला, दुसऱ्यास १८७३ पासून अध्यापक विद्यालय होतें, हें खरें. वर्णभेदापासून तीं दोन्ही मुक्त होतीं असेंहि नाहीं. परंतु नवा धंदा येतो तो जागा पाहतो तशीच माणसेंहि पाहतो. जेथें दुकानदार गिऱ्हाईकास नोकर म्हणून उभें करण्यापेक्षां दुकान मोडतो, तेथें परका भांडवलदार कशाच्या भरंवशावर पैसा घालणार?

नव्या शतकांतील हकीकतहि विचार करावयास लावणारी आहे. २०११ च्या मे महिन्यांत ओहायोचें पाणी केअरोजवळ ६१.७२ फुटांपर्यंत चढलें. गांव रिकामें करण्यांत आलें आणि २ मे रोजीं रात्रीं बर्ड्स पॉइंटचा बांध पुन्हां सुरुंगानें उडविण्यांत आला. केअरो वांचलें, मात्र मिसूरीकडील सुमारें १,३०,००० एकर जमीन पाण्याखालीं गेली. त्यांतच पिनहुक नांवाचें एक लहानसें खेडें होतें. तें कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनीं मोठ्या कष्टानें वसविलेलें होतें. ह्या पुरांत तें कायमचें नष्ट झालें. एका गरीब वस्तीचा जीव वांचला तो दुसऱ्या गरीब वस्तीच्या मोलानें.

२०१५ सालीं गांवांतील शेवटचें किराणा दुकान बंद झालें. २०१७ सालीं दोन जीर्ण सरकारी चाळी रिकाम्या करण्याचा हुकूम आला व सुमारें ४०० लोकांस घरें सोडावीं लागलीं. त्यांत निम्मीं मुलें होतीं. सबंध अलेक्झांडर कौंटीची लोकसंख्या २०१० मध्यें ८,२३८ होती, ती २०२० मध्यें ५,२४० झाली. तरी मागें राहिलेलीं माणसें स्वस्थ बसलीं नाहींत. संगमाजवळ मोठें नदीबंदर बांधण्याची योजना त्यांनीं हातीं घेतली आणि २०२० सालीं संस्थानसरकारनें तीसाठीं ४ कोटि डॉलर देण्याचें जाहीर केलें. २०२३ च्या जूनमध्यें रहिवाशांनीं सहकारी तत्त्वावर आपलें किराणा दुकान उघडलें. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या गांवांत काळ्या माणसास गल्ल्यामागें उभें राहूं देण्यापेक्षां दुकानें बंद करणें बरें वाटलें, तेथें काळे व गोरे यांनीं भागीदार होऊन एक दुकान उघडावें, ही गोष्ट लहान नाहीं. इतक्या थोड्या वस्तीवर तें चालविणें कठीण. पण हीच भागीदारी १९६९ सालीं सुचली असती तर ती अशी कठीण झाली नसती.

दैव देतें आणि कर्म नेतें अशी एक म्हण आहे. केअरोस दैवानें दोन महानद्यांचा संगम दिला, लोहमार्ग दिला, एका मोठ्या युद्धांत मानाचें स्थान दिलें आणि स्वातंत्र्य शोधीत आलेलीं हजारों कष्टाळू माणसें दिलीं. त्यांपैकीं नदीमार्गाचें महत्त्व काळानें नेलें, तें कोणासहि अडवितां आलें नसतें. परंतु माणसें काळानें नेलीं नाहींत. पाणी आंत येऊं नये म्हणून केअरोनें उंच बांध घातला आणि तो अजून उभा आहे. त्याच बांधाच्या आंत शेजाऱ्याशेजाऱ्यांमध्यें जो दुसरा बांध घातला गेला, त्यानें मात्र गांव रिकामें केलें.